नर्सबाईची मुलगी

आई,

मी आता आमदार नाही. दोनदा निवडून आले, तिसऱ्यांदा पडले, आणि चांगलीच आपटले. लोक चेहरे पाडून भेटायला येतात, मी त्यांना पोहे खायला घालते. मला खचल्यासारखं वाटत नाही. जे केलं ते उभं आहे, लोकांच्या उपयोगी पडतं आहे. फक्त दुपारी घर रिकामं असतं आणि तुझ्याशी बोलावंसं वाटतं.

खारबावच्या आसपासच्या गावांत तू नर्स होतीस. सुट्टीत मलाही बरोबर न्यायचीस. एकदा एका घरी बाळंतिणीला ताप होता आणि मी, नुकतीच कॉलेजात जायला लागलेली, तिला स्वच्छतेवर भाषण द्यायला लागले. अंगणाबाहेर आल्यावर म्हणालीस, "आधी विचारायचं, कुठं दुखतंय. तू आपली सांगतच सुटलीस." पुढे विधानसभेत मी जे प्रश्न मांडले, ते आधी असेच कुणाच्या तरी ओट्यावर बसून विचारलेले होते.

मग तीच बाई गेली. पुढच्या बाळंतपणात अडली, आरोग्य केंद्रातली डॉक्टरची जागा रिकामी, म्हणून टेम्पोत घालून भिवंडीला न्यायला निघालात आणि वाटेतच संपलं. तू तिच्या उशाशी होतीस. घरी येऊन साडी बदललीस, जेवली नाहीस. मी गावोगावच्या बायका जमवून तहसील कचेरीवर मोर्चा न्यायचं ठरवलं. हे कळताच तुझे साहेब आपल्या घरी आले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "सिस्टर, मुलीला आवरा. नाहीतर तुमची मोखाड्याला बदली झालीच म्हणून समजा." बाबा जाऊन वर्षं झाली होती, घर तुझ्या पगारावर चालायचं. तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "मोखाड्यातही बायका बाळंत होतातच की, साहेब."

मोर्चा निघाला. आम्हाला डॉक्टर मिळाला आणि तुला मोखाडा. निवृत्त होऊन परत आलीस, आणि माझ्या पहिल्या निवडणुकीआधीच गेलीस.

त्या निवडणुकीत पक्षातल्यांनाही माझी खात्री नव्हती. अंबाडीच्या बाजारात मी हात जोडत फिरत होते, तर भाजी विकणारी एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "नर्सबाईची पोर हाय ती. तिला न्हाय कशी म्हनू?" भिवंडी शहराजवळच्या, कापडाच्या लूमवाल्यांच्या वस्तीत पुरुष मला दारातूनच वाटेला लावत होते, तेवढ्यात आतून एका बाईचा आवाज आला, "अरे, सिस्टर की लड़की है, अंदर बुलाओ." आत गेले. चहा झाला. मी भाषण केलं नाही, विचारत बसले. शेजारच्या बायका येत गेल्या आणि खोली भरली. त्या वस्तीनं मला भरभरून मतं दिली. आमदार झाल्यावर मी तालुक्यातल्या डॉक्टरांच्या रिकाम्या जागांचा पिच्छा सोडला नाही. मंत्री मला बघून रस्ता बदलायचे, तरी मी गाठायचेच.

हे कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. सभांमध्ये माझी ओळख 'निर्भीड' अशी करून देतात आणि मी मान डोलावते. पण साहेब दारात उभे होते तेव्हा मी आतल्या खोलीत होते, आई, आणि तू मला "राहू दे गं तो मोर्चा" म्हणावंस म्हणून देवाला विनवत होते. तू म्हणाली असतीस, तर मी लगेच ऐकलं असतं.