लाल दोरा

१३ जानेवारी, सोमवार

'एस'चं खोकं गेलं! नऊ वर्षं जमवलेली शब्दांची कार्डं, यंत्रातून भुसा होऊन बाहेर! आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कार्यालयात लाल दोरा बांधलेलं खोकं म्हणजे काम संपलेलं, फाडायला द्यायचं. दोरा फक्त कार्डवाले काका बांधतात. शुक्रवारी ते जेवायला गेले, मला टेबल मोकळं हवं होतं. घाईघाईत मीच बांधला. भलत्याच खोक्याला.

कुणी पाहिलं नाही.

१४ जानेवारी

काकांवर संपादक काय डाफरले! "दोरा तुमचाच ना? मग?" काका म्हणाले, "आठवत नाही साहेब. वय झालं असेल." पुढच्या महिन्यात निवृत्त व्हायचेत. आता शुक्रवारी चौकशी.

मी तिथेच होते. खिडकीकडे बघत राहिले. लाज कशी वाटत नाही मला!

१५ जानेवारी

'एस' आता पुन्हा पहिल्यापासून. आणि नेमका आज माझ्या वाट्याला शब्द कोणता यावा? सॉरी!

मूळ शोधलं. मला वाटलं 'सॉरो'तून, दुःखातून आला असेल. छे! नातं 'सोअर'शी. दुखरी जागा, जखम. क्षमा मागायला लोक तो फार नंतर वापरू लागले.

आता उदाहरणं हवीत. आमचा नियम कडक — मनचं वाक्य चालत नाही. कानांनी ऐकलेलं हवं; कार्डावर तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव.

१६ जानेवारी

दिवसभर कान टवकारून होते. धक्का लागला — सॉरी. ऐकू आलं नाही — सॉरी? लिफ्टचं दार तोंडावर बंद — सॉरी! आई फोनवर, "सॉरी हं, भाजी करपतेय, नंतर बोलते." एकवीस कार्डं. त्यात कुणीही स्वतःची चूक कबूल केलेली नाही.

काकांनी ती नीट लावली. म्हणाले, "एक कमी पडतंय, ताई. मुख्य अर्थच राहिलाय."

सहज म्हणाले असतील. सहजच.

उद्या चौकशी. जेवण गेलं नाही.

१७ जानेवारी

सांगितलं. सगळ्यांसमोर. संपादक म्हणाले, सोमवारपासून येऊ नका.

काकांकडे वळले. "सॉरी, काका."

त्यांनी खिशातून कोरं कार्ड काढलं, तारीख घातली, माझं नाव लिहिलं, एकवीस कार्डांच्या पुढे लावलं. मग खोक्याकडेच बघत म्हणाले, "त्या शुक्रवारी डबा विसरला म्हणून मी परत आलो होतो, ताई."