अकराव्या वळणावरची रेघ

प्रिय ठमे,

शनिवारी फिरायला कुठल्या रस्त्याने जायचं असं तू विचारलंस, फोनवर मी 'खालचाच रस्ता' म्हणून मोकळी झाले आणि तूही लगेच खाडीकाठची खोली ठरवून टाकलीस. तेव्हापासून मला चैन नाही. हातातलं विणकाम तीनदा उसवलं, शेवटी सुया बाजूला ठेवून कागद घेतला. फोनवर हे जमलं नसतं. तू मध्येच हसली असतीस आणि मी विषय बदलला असता.

खालचा रस्ता मला आवडतो, त्यात खोटं काही नाही. एका बाजूला खाडीचं संथ पाणी, दुसऱ्या बाजूला गवत, आणि गाड्या पलीकडे नेणारा तो तराफा, ज्याला कसलीच घाई नसायची. तराफ्यावर चढलो की तुझे बाबा इंजिन बंद करायचे आणि काचा खाली घ्यायचे. इतके हळू चालवायचे की एकदा एक सायकलवाला आपल्याला मागे टाकून वर हात हलवून गेला होता, आठवतं? अजूनही दुपारी खुर्चीत डोळा लागला की मी त्याच रस्त्यावर असते. शेजारी ते दिसतात, मागे तुझं बारीक घोरणं ऐकू येतं आणि पलीकडचा काठ काही येत नाही. यावा असं मला वाटतही नाही.

तुला मात्र नेहमी वरचा हवा असायचा, कड्यावरून जाणारा, सतरा वळणांचा. खाली लाट आपटली की पाणी थेट काचेवर उडतं असं तुझ्या मैत्रिणी सांगायच्या. दर सुट्टीला तू हट्ट धरायचीस आणि फाटा आला की बाबा एकदा माझ्याकडे बघून गाडी खाली वळवायचे. 'घाबरट बाबा' हे नाव तूच ठेवलंस. शाळा संपता संपता तर चारचौघांतही म्हणायला लागलीस. ते हसून ऐकून घ्यायचे.

ठमे, घाबरट ते नव्हते. मी होते.

बाबा रस्त्यांवर पांढऱ्या रेघा मारायचे हे तुला ठाऊक आहे. तुझ्या वह्यांचे समास ते पट्टीशिवाय आखून द्यायचे आणि तुझ्या बाई विचारायच्या, पट्टी कुठून आणलीस. मी रस्तेखात्याच्या कचेरीत टंकलेखन करायचे हेही ठाऊक आहे. पण त्याआधी दोन वर्षं मी त्यांच्याच टोळीत झेंडीवाली होते. लाल झेंडी दाखवून गाड्या अडवायच्या, रंग वाळला की हिरवी दाखवून सोडायच्या.

सरळ रस्त्यावर खडूची दोरी ताणतात आणि तिच्यावरून रंगाची गाडी ढकलत नेतात. वळणावर दोरीचा उपयोग नाही, तिथे नजर लागते. पायाकडे बघायचं नाही, दहा पावलं पुढे बघायचं. बाबांची नजर पक्की, म्हणून वरची सगळी वळणं त्यांच्या वाट्याला आली. आठ महिने मी झेंडी घेऊन त्यांच्या पुढे उभी असायचे. आमचं बोलणं म्हणजे 'थांबवा' आणि 'सोडा'. मला वाटायचं, या माणसाला रेघेपलीकडे काही दिसतच नाही.

अकरावं वळण माझं शेवटचं होतं. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत रुजू होणार होते. मुकादम खाली रंग तापवण्यात गुंतलेला, माझ्यामागे अडवलेल्या गाड्यांची रांग, कड्याखाली समुद्र खवळलेला. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं आणि मी विचारलं. लाटेने ते गिळलं. पुन्हा विचारलं, पुन्हा लाट. तिसऱ्यांदा मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "माझ्याशी लग्न करणार आहात, की जन्मभर रेघाच मारत बसणार?" आणि नेमका तेव्हाच समुद्र गप्प बसला. सगळ्या रांगेने ऐकलं. कोणीतरी हॉर्नसुद्धा वाजवला.

बाबांची रेघ वीतभर डावीकडे सरकली, चार पावलं तशीच गेली आणि परत जागेवर आली. पण गडी थांबला नाही. वळण पुरं केलं, हात पुसले आणि मग येऊन 'हो' म्हणाले. 'आठ महिने नजर ठेवायला तुझ्याइतकी चांगली खूण दुसरी नव्हती,' असंही मला म्हणाले.

मुकादमाने आगपाखड केली तेव्हा बाबांनी सांगितलं, शिंक आली. त्या दिवसापासून ते टोळीचे 'शिंक्या' झाले. त्यांना सर्दीचा त्रास होता म्हणून ते नाव पडलं, असं तुला वाटायचं ना? मुलीने आपण होऊन, तेही भर रस्त्यात विचारलं हे कुणाला कळू नये, म्हणून मी त्यांना शपथ घातली होती. तिथून गेलो तर त्यांना हसू आवरणार नाही आणि तू कारण विचारशील, ही माझी धास्ती. म्हणून फाट्यावर ते माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवून नको म्हणायचे. शेवटच्या आजारपणात खिडकीशी बसून म्हणाले, एकदा अकरावं वळण बघून येऊ. मी म्हटलं, बरं वाटू दे, मग जाऊ. त्यांना बरं वाटलंच नाही. तसंच शाल गुंडाळून नेलं असतं तर काय बिघडलं असतं गं? ते मला अजून खुपतं.

दर दोन-तीन वर्षांनी नवा रंग चढतो, पण जुन्याच रेघेवरून, म्हणून तो वाकडेपणा इतकी वर्षं टिकला. परवा त्यांच्या टोळीतला जुना सोबती भेटला, त्याने सांगितलं. येत्या सोमवारपासून वरचा रस्ता उखडून नवं डांबर टाकणार आहेत आणि रेघा यंत्राने मारणार, अगदी सरळ. म्हणून हे पत्र. खाडीकाठची खोली ठरलीय तशीच राहू दे, येताना खालून येऊ. पण शनिवारी मला फाट्यावरून वर ने. माझी लाल झेंडी मी कपाटात जपून ठेवली आहे, ती सोबत घेते. अकराव्या वळणाशी तू ती धरून गाड्या अडव. मला ती वाकडी चार पावलं चालायची आहेत, या वेळी पायाकडे बघत. मागच्यांनी हॉर्न वाजवले तर वाजवू देत. आणि कोणी विचारलं, काय झालं, तर खरं काय ते सांग. शिंक म्हणू नकोस.

तुझीच, आणि त्या वाकड्या रेघेला कारण असलेली,
आई