मैनाचं नाक

३ नोव्हेंबर
आले एकदाची! पारनेर रस्त्याला, वस्तीपासून लांब, कुंपणाच्या आत प्रयोगशाळा, गोठा आणि मला स्वतंत्र खोली. घोडेगावच्या बैलबाजारात वाढलेल्या मला आता तीन उंट सांभाळायचेत! मुलाखतीत प्रयोगशाळेच्या प्रमुख पंकजाताईंनी मार्क विचारलेच नाहीत. घरचं जनावर आजारी पडलं की काय करता, तेवढंच विचारत बसल्या. मॅडम म्हटलं तर लटकंच रागावल्या. ताई म्हणायचं.

७ नोव्हेंबर
काम कळलं. उंटाला मेलेला विषाणू टोचायचा. मग त्याच्या रक्तात त्या विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात. ती इतर जनावरांच्या प्रतिपिंडांपेक्षा साधी, म्हणून त्यांचा चिमुकला, कामाचा तुकडा वेगळा काढता येतो. तो नाकात फवारला की माणसाला त्या विषाणूचा ताप येत नाही, असं ताईंचं म्हणणं. आम्हालाही रोज सकाळी फवारा. ताई स्वतः देतात, आणि आमचे राखणदार गहिनीनाथमामा तीर्थ घ्यावं तसे डोळे मिटून घेतात. मैना नावाची सांडणी माझ्या खांद्यावर मान टाकते. भारी लाडोबा आहे.

१५ नोव्हेंबर
मैनाला ताप. नाक वाहतंय, चारा सोडलाय. टोचलेला विषाणू मेलेलाच होता ना, असं विचारलं तर ताई म्हणाल्या, हवा बदललीय. आमच्याकडे आजारी जनावराला परकं करत नाहीत. ओढणीनं तिचं नाक पुसलं, गूळपाणी हातानं पाजलं. मामांनीही तेच केलं. ताई मास्क लावून दारात उभ्या होत्या. मला वाटलं, कौतुकानं बघतायत.

१९ नोव्हेंबर
मैना गेली. ढसाढसा रडले. ताई जवळ आल्या नाहीत. मला कणकण आहे, मामांनाही.

२१ नोव्हेंबर
खोलीला बाहेरून कडी. मोबाईल ताईंकडे. जेवण खिडकीतून येतं. भिंतीपलीकडे मामा खोकतात. मग रोजचा तो फवारा कसला होता?

२२ नोव्हेंबर
विचारलं. ताईंनी खिडकीतून शांतपणे सांगितलं. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. विषाणू जिवंत होता. औषध फक्त त्यांच्या बाटलीत. आम्हा दोघांना मीठपाणी. काहींना पाणी दिल्याशिवाय औषधाचा गुण कळणार कसा, म्हणाल्या.
आम्हीच का?
"माया असलेली माणसं हवी होती, जया. दुसरं कुणी एवढं जवळ गेलंच नसतं."
हिला ताई म्हणत होते मी.

२४
धाप लागते— ताई बाटली घेऊन आल्या. खरं औषध, आता सकाळ-संध्याकाळ. ताप चढल्यावरही गुण येतो का, ते बघायचंय. एकालाच. मामांना पुन्हा पाणी. मामांना कळलं तर तुझंही बंद, म्हणाल्या.
घेतलं. नाक पुढे केलं मी—

२५
श्वास मोकळा. थोडा. लिहायला लाज वाटते—
मामा भिंतीपलीकडून— आवाज खोल गेलाय— "पोरी, आधी नुसतं पानी हुतं, आज खरं औशद दिलं म्हनल्या ताई. आता मी वाचतो बघ."
ताई माझ्या खिडकीशी. हातात माझा संध्याकाळचा फवारा. नुसत्या बघतायत.
मामा विचारतायत, खरं हाय ना गं—
मी—
मी म्हटलं, व्हय मामा, आता तुमी—