हरणीचा पान्हा आणि मामींचं इरकल

लोणी काळभोर,
मंगळवार, दुपार

तीर्थरूप हिंदुराव मामांस,

सलिलचा गोठ्यातून (हात धुऊन) साष्टांग नमस्कार. गुडघ्याचे टाके निघाले असतील आणि तुमच्या लेकीनं, शेफालीनं, तिकडे नाशिकला तुम्हाला घरातल्या घरात चालायला लावलं असेल, असं धरून चालतो. मामींची पाठ कशी आहे? त्यांना म्हणावं, तुळशीला रोज पाणी घालतो. आम्हीही इथं खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी, हरणी आणि दहा गुंठे मेथी. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणता आणि ठेवून देता, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

जाताना तुम्ही मला दोनच गोष्टी सांगितल्यात. महिनाभर शेत सांभाळ, आणि हरणीला बघायला व्यापारी येईल त्याला ती नीट दाखव, कारण आता या गुडघ्यानं गाईचं करणं होणार नाही. मामा, दोन सूचनांवर शेत चालत नाही. मी कारखान्यात सत्तावीस वर्षं सुरक्षा अधिकारी होतो आणि माझ्या काळात तिथं एकाही माणसाचं बोट गेलं नाही (एकाचं नख गेलं, पण तो त्या दिवशी रजेवर होता). तेव्हा पुण्याहून, कसब्यातून येतानाच मी ‘पीक, जनावरे व सुरक्षितता’ असं चौदा कलमांचं पत्रक छापून आणलं आणि आमच्या मंडळाची पोस्टरं लावतो तशी कणकेची खळ करून गोठ्याच्या भिंतीला चिकटवलं. हरणीनं त्याच दुपारी ते पाचव्या कलमापासून खाली खाल्लं. कागद बाधला नाही. सध्या शेत पहिल्या चार कलमांवर चालू आहे; जनावरांची कलमं सहाव्यापासून होती.

पहिलं कलम फवारणीचं. वारा पाठीशी घ्यावा, मास्क लावावा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. मेथीवर निंबोळी अर्क मारताना मी हे तिन्ही केलं. वारा मध्येच फिरला आणि अर्धा पंप माझ्यावर आला. माझ्या अंगावर आता माव्याची कीड एकही नाही, मेथीवर थोडा आहे. दोनदा आंघोळ करूनही वास जाईना, आणि संध्याकाळी पहिल्यांदाच धारेला बसलो तर हरणीनं पान्हा चोरला. आजवर तिला मामींशिवाय कुणाचा हात लागलेला नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळीही तेच. कास दगडासारखी झाली, हात लावला की ती पाय झाडायची, आणि खरं सांगतो, मला फार भीती वाटली. शेवटी शेजारचा मच्छिंद्र कुंपणापलीकडून बराच वेळ बघत होता, तो म्हणाला, “दादा, ती मामींच्या लुगड्याबिगर पान्हा सोडायची न्हाय. नेसा की.”

मामींचं हिरवं इरकल लुगडं दोरीवर होतंच. ते अंगाभोवती जमेल तसं गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला, मिशी झाकायला फवारणीचा मास्क लावला आणि पायात गमबूट ठेवले (दुसरं कलम: ओल्या गोठ्यात अनवाणी जाऊ नये). हरणीनं एकदा पदर हुंगला आणि मिनिटभरात पान्हा सोडला. अडचण तिसऱ्या कलमाची झाली. कडबाकुट्टीच्या यंत्राजवळ सैल कपडे घालू नयेत, विशेषतः पदर, असं मी स्वतः जाड अक्षरात छापलं आहे. त्यामुळे आधी सदरा-विजारीत कुट्टी, मग इरकल नेसून धार, मग इरकल सोडून मोटर, असा क्रम बसवला आहे. दिवसातून चार वेळा कपडे बदलतो. इतके मी लग्नातही बदलले नव्हते.

आता व्यापाऱ्याचं. तो रविवारी आला तो नेमका धारेच्या वेळी. मी पदरात होतो आणि बोललो असतो तर आवाजानं हरणी पुन्हा बिथरली असती, म्हणून गप्प राहिलो. त्यानं विचारलं, “मावशी, गाय लाथ मारती का?” तेव्हाच नेमके डास तोंडाशी आल्यामुळे माझी मान दोन-तीनदा जोरात खाली-वर झाली. दूध किती, असं त्यानं विचारलं तेव्हा एक हात सडावर होता आणि दुसऱ्यात बादली, त्यामुळे दोनच बोटं मोकळी होती, तेवढीच वर झाली. तो माझ्या गमबुटांकडे बघत मागं सरकला आणि निघून गेला. व्यवहार का फिसकटला ते कळलं नाही. माझ्याकडून कसूर नाही.

औषधं वेळेवर घ्या, जिना टाळा. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
सलिल

ता. क. डास नव्हते.

ता. क. दुसरा: दूध वेळेला सात लिटर आहे. मामा, हरणीला विकू नका. सकाळी मी गोठ्याचं फाटक उघडलं की ती मान वर करून बघते. सत्तावीस वर्षं मी रोज एका गेटातून आत गेलो, तिथं कुणी असं बघितलं नाही. तुमचा गुडघा बरा होवो न होवो, मी इथंच राहायला येतो. घरी बायकोशी, पूर्वाशी बोललो आहे. ती म्हणाली, जा, पण ते नेसून कसब्यात येऊ नका.

ता. क. तिसरा: गुरुवारी दुसरा व्यापारी येणार आहे, असं मच्छिंद्र सांगत होता. इरकल शेणानं भरलं म्हणून धुतलंय, अजून ओलं आहे. मामींची निळी नऊवारी कुठल्या ट्रंकेत आहे तेवढं विचारून हे पत्र मिळताच फोन करा. पत्राला उशीर झाला तर काळजी नको, मी सगळ्या ट्रंका उघडून ठेवल्या आहेत.