शपथेचा भाऊ आणि सख्ख्याची विजार

नॉर्थ पॉइंट, हाँगकाँग
भुतांचा महिना नुकताच सरला, १९८९

तीर्थरूप दादास,

धाकट्या काम-चूनचा उभ्याउभ्याच नमस्कार. (वाकून केला असता, पण परवा शूटिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरून खोक्यांवर पडताना एक खोकं कमी पडलं, तेव्हापासून कंबर वाकायला तयार नाही.) तुझा गुडघा कसा आहे? टोरांटोच्या थंडीत दुखतो का? आई ठणठणीत आहे, माहजाँगच्या डावात शेजारणींना रोज रडवते. हे माझं सहावं पत्र. आधीच्या पाचांना मिळून तुझं एकच उत्तर आलं, तेही एका ओळीचं: 'पिक्चर पाहिलं. मेलास छान.' दादा, सहा वर्षांत एवढंच? तुझा राग गेलेला नाही हे मला कळतं, आणि तो जावा म्हणूनच हे लांबण लावतोय.

तू गेलास त्या दिवशी मी कायटाक विमानतळावर आलो नाही, हे खरं. पण त्याचं कारण तू कधी ऐकूनच घेतलं नाहीस. मला दुपारी दोनला गोळी लागायची होती आणि अडीचला मी मोकळा. पण ज्या भावाच्या मांडीवर मी मरत होतो, त्या हिरोला रडूच येईना. कांदा झाला, पेपरमिंटचं तेल झालं, दिग्दर्शकाने त्याच्या मेलेल्या आजीची आठवण काढून दिली, तरी डोळे कोरडे. अकरा वेळा मेलो. अकराव्या वेळी मी त्याला 'दादा, जाऊ नकोस' म्हणालो ते अगदी मनापासून होतं, कारण डोक्यावरून विमान चाललं होतं आणि त्यात तू होतास. सगळे टाळ्या वाजवत होते. असो.

आता या वर्षीचं ऐक. टोळीच्या पिक्चरमध्ये शपथेचा प्रसंग असतोच: उदबत्त्या लावायच्या, क्वान देवासमोर गुडघे टेकायचे, आणि एका दिवशी जन्मलो नाही तरी एका दिवशी मरू असं म्हणायचं. तुला ठाऊक आहे, आमच्याकडे आवाज मागाहून भरतात, त्यामुळे समोर काहीही बोललं तरी चालतं. मी एरवी बसचे थांबे म्हणतो. त्या दिवशी मात्र थांबेही आठवेनात, म्हणून आपलं खरं नाव, बापाचं नाव, जन्मवर्ष, सगळं म्हणून मोकळा झालो. माझ्या शेजारी लो हँग-फात नावाचा म्हातारा एक्स्ट्रा होता. त्यानेही आपलं खरं नाव सांगितलं. (त्याला वाटलं, मी सांगितलं म्हणजे तसंच सांगायचं असेल.) मग कळलं की सामानवाल्याकडून प्लॅस्टरचा देव फुटला होता आणि वेळेवर दुसरा मिळेना, म्हणून त्याने कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा देव उचलून आणला होता. खरा, विधिवत बसवलेला, तीस वर्षं रोज संत्री खाणारा देव. चहावाला देव न्यायला आला, त्याने सगळं ऐकलं आणि थंडपणे म्हणाला, "मग झालात की तुम्ही भाऊ. आता निस्तरा."

दादा, हँगराव त्रेसष्ट वर्षांचे आहेत. दिवसाला दोन पाकिटं ओढतात, भाजलेल्या बदकाची कातडी तेवढी खातात आणि बाकीचं बदक ठेवून देतात. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर बसतात. आणि मला त्यांच्याच दिवशी मरायचंय. मी हसण्यावारी नेणार होतो, पण आई देवाच्या बाबतीत कुणाचं ऐकते? तिने त्यांना घरीच आणून ठेवलं. आता मी पहाटे उठून त्यांच्यासाठी कमळकाकडीचं सूप चढवतो, सिगारेटी तांदळाच्या डब्यात लपवतो, त्यांना खोकला आला की माझ्या छातीत धडधडतं. परवा मी त्यांना बागेत व्यायामाला नेलं तर म्हणाले, "अरे चून, माझी एवढी काळजी माझ्या बायकोनेही कधी केली नाही." मी म्हटलं, तिला तुमच्याबरोबर जायचं नव्हतं. त्यावर इतके हसले की पुन्हा खोकला, पुन्हा माझी धडधड. माणूस वाईट नाही रे. आईचे पाय चेपून देतो, रेडिओ दुरुस्त करतो. पण त्याला मी दादा म्हणत नाही. हँगराव म्हणतो. सेटवर मी आजवर चाळीस जणांना दादा म्हटलं असेल, ते पोटासाठी. घरात तो शब्द तुझ्यासाठी ठेवलाय.

आनंदाची बातमी शेवटी ठेवली. माझं लग्न ठरलं. मुलगी सुक-यी, आमच्याकडे जखमा रंगवते. चार वर्षांत तिने माझ्या छातीवर शंभरेक गोळ्या काढल्या असतील, त्यातच जमलं. लग्न आपल्या पंचांगाच्या नवव्या महिन्यात, आठ तारखेला आहे. थोरामोठ्यांस नमस्कार कळवतो आणि पुरे करतो.

तुझा,
काम-चून

ता.क. एक बारीकसं काम होतं. थोरला बिनलग्नाचा असताना धाकट्याची बायको घरात येते, तेव्हा थोरल्याची विजार दारावर आडवी टांगून तिने खालून यायचं, हे तुला मी काय सांगायचं. तर तुझी एखादी जुनी विजार पाठव. ढगळ चालेल.

ता.क. दुसरा. हँगरावांनी आपली द्यायची तयारी दाखवली होती. शपथेचा असला तरी थोरलाच, आणि विधुर म्हणजे पुन्हा बिनलग्नाचा, असा त्यांचा हिशेब. धुऊन, इस्त्री करून आणली बिचाऱ्याने. आईने ती हातात घेतली, घडी मोडली, पुन्हा घातली आणि म्हणाली, "तुम्ही चांगले आहात हो. पण ही माझ्या पोराची नाही." मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. सहा वर्षांत तुझ्या आठवणीने ती पहिल्यांदा रडली. आई ठणठणीत आहे असं वर लिहिलंय, ते तेवढं खोड.

ता.क. तिसरा. विजार पोस्टात टाकू नकोस. अंगात घालून ये. त्या आठवड्यात मी कुणासाठीही मरणार नाही, असं दिग्दर्शकाला सांगून ठेवलंय.