‘मेले परतले’ची शेवटची दहा मिनिटं

मी, शत्रुघ्न बाळकृष्ण मेस्त्री, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा सुतारकी (हल्ली निवृत्त), मूळ राहणार मौजे वाघरवाडी, तालुका देवगड, सध्या मुलाच्या इकाम्यावर, म्हणजे रहिवासी परवान्यावर, मुक्काम मंगफ, कुवेत, स्वहस्ते लिहून ठेवतो की, माझी बुद्धी व स्मरण शाबूत आहे, माझ्यावर कोणाचं दडपण नाही आणि मी नशेत नाही. या देशात ती सोयही नाही. येत्या रविवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. घाबरण्यासारखं काही नाही असं ते म्हणतात. पण एकदा उघडलेला सांधा पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही, हे सुताराला कोणी शिकवू नये. म्हणून हा खटाटोप. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. वाघरवाडीचं चिऱ्याचं घर, ज्याची दारं-खिडक्या माझ्या हातची आहेत, आणि मागची बावीस हापूस कलमं माझी पत्नी नर्मदा हिची. तिच्यामागे मुलगा सुयोग याची. चुलतभावाने हद्दीचा दगडी गडगा दोन हात आत सरकवला आहे. सुयोगने त्यावरून कोर्टात जाऊ नये. त्या दोन हातांत एकच रायवळ आहे आणि तिचा आंबा इतका आंबट आहे की माकडंही परत टाकतात. ती त्याला लखलाभ.

कलम २. बँकेतलं जे असेल ते नर्मदेचं. किती आहे ते तिलाच विचारावं. मला कधी कळलेलं नाही.

कलम ३. माझे रंधे, पटाश्या, दोन करवती आणि गुण्या नात स्पृहा हिला द्यावेत. सुयोग बँकेत कॉम्प्युटर सांभाळतो. त्याने ठोकलेला खिळा आजवर सरळ गेलेला नाही. स्पृहा चौदा वर्षांची आहे, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, पण गेल्या उन्हाळ्यात तिने केलेलं स्टूल डगमगत नाही. मला तेवढी भाषा पुरे.

कलम ४. आता मुख्य इस्टेट. माझ्या कपाटात, जुन्या लुंगीत गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट आहे. तिच्यावर ‘मेले परतले’ असं लिहिलं आहे. ती काय आहे हे सांगितलं नाही तर सुयोग ती कचऱ्यात टाकील, म्हणून सविस्तर लिहितो. (नर्मदा मागून वाचते आहे. म्हणते, “लिहा, लिहा. भुतांनाच वाटून टाका सगळं.”)

मी १९८४ साली इथे आलो. अहमदीच्या रस्त्याला तेव्हा एक उघड्यावरचं थिएटर होतं, गाडीत बसून बघायचं. वारा सुटला की पडद्याच्या फळ्या निखळत आणि त्या ठोकायला मला पाठवत. पडदा माझ्या हातचा, पण आत प्रवेश गाडीवाल्यांना. आमच्या खोलीत बारा माणसं आणि चाक म्हणाल तर एका बॅगेला. म्हणून आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर वाळूत पुठ्ठे टाकून बसायचो. चित्र दिसे, आवाज नसे. आवाज आत, गाड्यांच्या काचेला अडकवलेल्या स्पीकरमध्ये.

गुरुवारी स्वस्तातली इंग्रजी चित्रं लागत, थडग्यातून उठून आलेल्या मेलेल्यांची. थडगी प्लायवूडची. मेलेला धडकला की दगड हलायचा. एकच मेलेला सदरा बदलून तीनदा यायचा. इंग्रजीत त्यांना झाँबी म्हणतात. आम्ही झोंबी म्हणायचो, कारण ते येतात आणि झोंबतात.

माझ्या शेजारी बसायचा अकबर मुकादम. विजयदुर्गचा, म्हणजे माझ्याच तालुक्यातला. पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. पहिल्याच गुरुवारी त्याने विचारलं, “ह्यांका बोलूक येना नाय?”

“मेलेले बोलनत नाय,” मी म्हटलं.

“मगे तू बोल.”

म्हणून मी बोलू लागलो. आमच्याकडच्या भुताचं काहीतरी मागणं असतं. नारळ द्यावा, कोंबडा द्यावा, गाऱ्हाणं घालावं. ते वाटेला लागतं. या झोंब्यांचं मागणं काय तेच कळेना. तेव्हा पडद्यावरचा गोरा हीरो बंदूक रोखून उभा राहिला की मी त्याच्या तोंडी गाऱ्हाणं घालायचो: “बारा वाडयेच्या, बारा येशीच्या म्हाराजा, ह्या पोरीक सोड, आनि ह्यो कोंबो घे!” आणि कुंपणाबाहेरून तीस माणसं ओरडायची, “व्हय म्हाराजा!” पुढे पुढे मागच्या रांगेतली हिंदुस्थानी कुटुंबं आपला स्पीकर बंद करून काच खाली करायला लागली.

पाच वर्षं असं बघितल्यावर माणूस गप्प बसत नाही. १९८९च्या जानेवारीत आम्ही आपलं स्वतःचं चित्र काढलं. सुट्टी शुक्रवारची, कॅमेरा भाड्याचा, जागा अम्गरा भागातली, मोडक्या गाड्यांच्या भंगाराची. कॅमेरा अकबरकडे, कारण टँकर चालवून त्याचा हात दगडासारखा झाला होता. मेलेले म्हणजे आमच्या आणि शेजारच्या खोलीतले अकरा जण. त्यांना चालायला शिकवावं लागलं नाही. सहा दिवस शटरिंग केलेला माणूस सातव्या दिवशी तसाच चालतो.

रंगभूषा माझी. गावाला दशावतारात तोंडं रंगवली होती, ती विद्या कामी आली: सफेदा, काजळ, सोललेल्या कातडीसाठी कणीक, रक्तासाठी बीट, आणि हे सगळं चिकटून राहावं म्हणून सुतारकामाचा सरस. सरसाची चूक मी मान्य करतो. पेंटर दाजीची डावी भुवई त्यात गेली.

दुपारी अकराही मेलेले आणि मी तसेच बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, ताक आणायला गेलो. दुकानदाराने वर बघितलं आणि म्हणाला, “लबन कालचं आहे, चालेल?” परतताना पोलिसाने मला अडवून बताका, म्हणजे ओळखपत्र, मागितला. त्याने कार्डावरचा फोटो बघितला, माझं तोंड बघितलं, पुन्हा फोटो बघितला, आणि फार मायेने मला इस्पितळाचा रस्ता दाखवला.

मी मुख्य मेला. शेवटी सगळे झोंबी पुन्हा मातीत निजतात आणि मी एकटा मोडक्या गाड्यांच्या ढिगावर चढून गुरगुरतो, असा शेवट होता. एकूण दहा मिनिटं. त्या दिवशी मला स्वतःचं भान नव्हतं. तसा अभिनय माझ्या हातून पुन्हा झाला नाही.

दोन आठवड्यांनी खोलीत चाळीस माणसांसमोर खेळ लावला. सगळं रंगात आलं, मी ढिगाकडे निघालो, पहिल्या गाडीवर पाय ठेवला, आणि पडद्यावर एकदम मांडव! अकबरची मामेबहीण रुकय्या हिच्या लग्नाची दावत. दस्तरखानाभोवती माणसं मटणाच्या तंगड्या तोडताहेत, ती थेट कॅसेट संपेपर्यंत. चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. झोंब्यांना शेवटी पोटभर मिळालं, असा त्यांनी अर्थ घेतला. अकबर एवढंच म्हणाला, “चुकीन झाला.”

ही कॅसेट नात स्पृहाला द्यावी.

कलम ५. अकबर मुकादम याला काहीही देऊ नये. त्या खेळानंतर दीड वर्ष आम्ही एका खोलीत राहिलो; मीठ हवं असलं तर मी भिंतीकडे मागत असे आणि तो देत असे. नव्वद साली लढाई आली तेव्हा जॉर्डनपर्यंत एकाच बसने, एकाच बाकावर गेलो. त्याने आपल्या रोटीचा, खुबूसचा, अर्धा तुकडा माझ्या मांडीवर ठेवला. मी तो खाल्ला, पण बोललो नाही. पुढे दोघेही परत आलो. लग्नाकार्यात भेट होते, सलामाच्या पुढे जात नाही. माझ्यामागे तो घरी आलाच तर त्याला चहा द्यावा. बिस्कीट देऊ नये.

कलम ६. हे कलम शुक्रवारी वाढवलं आहे.

वरचा मजकूर टेबलावर होता. नर्मदेने मला न विचारता अकबरला फोन केला. तो जुम्म्याच्या नमाजानंतर आला. लिफ्ट बंद, दुखऱ्या गुडघ्यांनी चार मजले चढून. श्वास बसल्यावर त्याने चष्मा लावला आणि परवानगी न घेता हा कागद वाचला. पाचव्या कलमापाशी थांबला.

“बिस्कीट पन नाय?”

“नाय,” मी म्हटलं. सलामाखेरीज सदतीस वर्षांतला हा माझा पहिला शब्द.

त्याने कागद खाली ठेवला. “चुकीन नाय झाला ता. मियाच पुसलंय.”

मी उठलो. नर्मदेने खांद्याला धरून बसवलं. “छाती!” म्हणाली.

“तुझी ॲक्टिंग नाय ती, शत्रू,” अकबर म्हणाला. “तू रडत होतंस. बापाशीक हाको मारी होतंस. आधी माकाय कळाक नाय. मगे माझ्या घरचा पत्र इला, तेव्हा कळला.”

इथे मला लिहिणं भाग आहे. शूटिंगच्या त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी मला गावचं पत्र मिळालं होतं. वडील जाऊन बारा दिवस झाले होते. रजा मिळणार नव्हती, आणि मिळाली तरी पोचून उपयोग नव्हता. अकरा माणसांनी झोप मोडून तोंडं रंगवून घेतली होती. मी पत्र खिशात घातलं, सफेदा लावला आणि ढिगावर चढलो. नर्मदेलाही हे मी कधी सांगितलं नाही. मी गुरगुरलो अशीच माझी समजूत होती.

“कॅसेट तू गावाक धाडतलंस, म्हायत होता माका,” अकबर म्हणाला. “तुझ्या आवशीन बघल्यान असतां. माका ता नको होतां.”

“मगे सांगलंस कित्याक नाय?”

“तू भितीकडे मीठ मागी होतंस. भितीन काय सांगूचा?”

नर्मदा चहा करायला गेली. मग मी विचारलं, काय काय होतं त्या दहा मिनिटांत. अकबरला सगळं आठवत होतं. कोणत्या गाडीवर माझा पाय घसरला, सफेदा कुठे ओघळला, दाजी मेलेला असूनही डोकं वर करून कसा बघत राहिला, शेवटी ऊन कुठे गेलं. स्पृहा दारात उभी राहून ऐकत होती. तिने पहिल्यांदाच मराठीत विचारलं, “मग आजोबा खाली कसे उतरले?” अकबर म्हणाला, “मी कॅमेरा ठेवलंय आनि उतरवलंय.”

सबब, कलम ५ रद्द समजावं. कॅसेट स्पृहाकडेच राहील, पण ती एकटीने लावू नये. दावत सुरू झाली की बंद करावी आणि शेवट अकबरने सांगावा. हा हक्क त्याचा हयातभर राहील व तो कोणाला विकता अगर बदलता येणार नाही. त्याला चहासोबत बिस्किटांचा अख्खा पुडा द्यावा.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, खुशीने मान्य केला आहे.

ठिकाण: मंगफ, कुवेत
तारीख: शुक्रवार, १६ जानेवारी २०२६
सही: शत्रुघ्न बाळकृष्ण मेस्त्री

साक्षीदार १: डॉ. ज्ञानदा आलोक पटवर्धन, शेजारी. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमक्ष सही केली. प्रकृती ठीक, रक्तदाब थोडा चढा.

साक्षीदार २: अकबर इस्माईल मुकादम. (सही नाही. पेन हातात घेऊन त्यांनी परत ठेवलं व म्हणाले, “मी सय करूचंय नाय. आयतवारी तू भायर ये, मगे बघूया.”)

साक्षीदार २, वरील जागी: आलोक पटवर्धन. सही.