न्हाणीची कडी

गडचिरोली, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९८५

आठ दिवसांमागं न्हाणीतला जुना टब फोडाले मिस्त्रीनं घण उचलला, तं सुधाकर आडवा आला. "माय, बाबाची आठवण आहे ते."

"तुह्या बाबानं त्यात बसून गाणी म्हटली. विहिरीवरून पाणी कोणं आणलं?"

पोरगा बाजूले झाला.

आठवण म्हणे! एका आंघोळीले पंधरा बादल्या लागत. अन् मले एकदाही 'तू बस' म्हटलं नाई त्यायनं.

दिवाळीत गुडघा गेला. तेव्हापासून टबाचा तो उंच काठ ओलांडवत नव्हता. सून हात धरून आत उतरवे, अन् दाराले कडी लावू देत नव्हती. चार महिने उघड्या दारानं आंघोळ केली मी. लहान लेकरू हाव का मी?

आज टबाच्या जागी सपाट फरशी आहे, वर टाकीले जोडलेला फवारा, खाली स्टूल. मी सरळ चालत आत गेली अन् आधी कडी लावली.

सून बाहेरून म्हणे, "माय, कडी काढा ना. पडान तुम्ही."

"पडली तं आरडीन. तवर चहा मांड."

टाकीतलं पाणी संपेपर्यंत बसली. बादली एकही उचलली नाई.